रोवण्यात जोडलेलं गाणं

ही गोष्ट १९५६ सालची. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. गडचिरोली तेव्हा निराळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांद्याचाच. पण नागभीडपासून दोन कोसांवरच्या सावरटोल्यात ते साल कोणी राज्यासाठी लक्षात ठेवलं नाही. त्या साली मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, वारलूची दंडार, म्हणजे गाण्या-सोंगांचं नाटक, अर्ध्यात थांबली, एवढंच लोकांच्या ध्यानात राहिलं. ती का थांबली हे सांगता येईल अशी गावात एकच बाई होती, त्याची बायको वच्छला. आणि ती तीन महिने बोलली नाही.

वारलू धानाचा शेतकरी, आठ-दहा बांध्यांचा, म्हणजे खाचरांचा, धनी. अंगानं सडसडीत, बोलायला कमी. पण दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरू लागली की हाच माणूस मिशी काढून, लुगडं नेसून, नाकात नथ घालून दंडारीत राणी व्हायचा. आमच्याकडे दंडारीत तेव्हा बाया उभ्या राहत नसत, गडीच बायांचं काम करीत. वारलूची राणी राज्य गमावून रानात जायची आणि झाडाला झोळी बांधून लेकराला पाळणा गायची. तो पाळणा ऐकायला लोक चार-चार कोसांवरून बैलबंड्या जुंपून येत. म्हातारे गडी डोळे पुसत.

वच्छला मात्र त्या दिवशी घरात कडी लावून बसायची. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पोर नव्हतं. बाया तिला पाण्याच्या विहिरीवर विचारत, "काऊन वो, आज लुगडं कोनाच्या पाळीचं? तुह्या का तुह्या सवतीच्या?" आणि सवत म्हणजे वारलूच. एकदा त्यानं तिला न विचारता तिचं लग्नातलं लुगडं दंडारीला नेलं. त्या दिवसापासून वच्छला सासूविना असलेल्या त्या घरात रांधायची, वाढायची, पण निजायची स्वयंपाकघरात. दोनदा माहेरी जाऊन राहिली. दुसऱ्यांदा तिच्या बापानं आणून सोडलं तेव्हा तो अंगणातच उभा राहून म्हणाला, "दिवाळीपर्यंत पाहतो. नाई जमलं तं काडीमोड. पोरीचं वय चाल्लं."

नागभीडला रेल्वेच्या चाळीमागे सईदाबाई राहायची. तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकलेली, नवरा रेल्वेत होता तो वारला, आता घरीच बाळंतपणं करायची. आसपासच्या वीस गावांतली अर्धी पोरं तिच्या हातची. वच्छला तिच्याकडे गेली ती पोर होण्याचं औषध मागायला. वारलू बाहेर ओट्यावर बसला होता.

सईदाबाईनं पोट तपासलं, जीभ पाहिली आणि विचारलं, "एका खोलीत निजता काय?"

वच्छला खाली पाहत राहिली.

"कधीपासून नाई?"

"दोन मंडया झाल्या."

"मंग औषध कायचं देऊ, बेटी? पाऊस नाई अन् बांधीले खत मांगून राह्यली." तिनं दारातून हाक मारली, "ओ भाऊ, अंदर या. बाहेर काय मुलाजा करून राह्यले?"

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी दोघं तिच्याकडे जाऊ लागली. तिला हे नवं नव्हतं. पोराचं निमित्त करून येणाऱ्या जोडप्यांची भांडणं ती वर्षानुवर्षं ऐकत आली होती आणि त्यातून तिनं आपली एक रीत बसवली होती. घरातली जुनी धोतरं धुऊन, उकळून ती त्यांच्या पट्ट्या फाडून ठेवायची, बाळंतपणाला लागायच्या. नवऱ्याच्या हातात पट्टीचं एक टोक, बायकोच्या हातात दुसरं. एकानं ताणून धरायचं, दुसऱ्यानं गुंडाळत यायचं. "हात रिकामे असले का मानूस बोट दाखवते," ती म्हणायची. आणि पट्टी गुंडाळताना बोलायचं, पण आपलं गाऱ्हाणं नाही, समोरच्याचं. बायकोनं नवरा होऊन बोलायचं, नवऱ्यानं बायको होऊन. चुकलं तर समोरच्यानं नुसती मान हलवायची, तोंड उघडायचं नाही.

शेवटी दारावरचा पडदा दाखवून सांगायची, "ह्या पडद्याच्या अंदरची गोष्ट अंदर. मी मेली तरी बाहेर जानार नाई. तुमीबी तशेच."

पहिल्या दिवशी वच्छलाची पंचाईत झाली. सईदाबाई म्हणाली, "म्हन, मी वारलू." आता नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? वच्छला घामाघूम झाली. "मी... मी हे," ती म्हणाली.

"हे कोन?"

"हेच ते. बसले ते."

सईदाबाई इतकी हसली की तिच्या हातातली कात्री खाली पडली. वारलूही हसला. दोन वर्षांत वच्छलानं त्याला आपल्यासमोर हसताना पाहिलं नव्हतं. "बरं, मी नवरा म्हन," सईदाबाईनं सूट दिली.

बायको होऊन बोलण्यात वारलू भारी निघाला. त्याला सवयच होती. विहिरीवर बाया काय म्हणतात, बापासमोर मान कशी खाली जाते, लग्नातल्या लुगड्याला रंगाचा डाग पडला तो धुताना कसं वाटलं, सगळं त्यानं सांगितलं. वच्छलाला मान हलवायला जागाच राहिली नाही. आपल्याला वाटलं होतं याला काही दिसत नाही, आणि हा तर सगळं पाहत होता. मग थांबवत का नाही? ते तिला कळेना. ती नवरा होऊन बोलायची तेव्हा एवढंच म्हणायची, "मले टाळ्या पायजे. लोकायनं वाहवा केली का मले घर आठवत नाई." वारलू मान हलवायचा. दर वेळी.

पाचव्या बाजाराला सईदाबाई म्हणाली, "आज नियम बाजूले. भाऊ, तुमीच सांगा, टाळ्या नाई तं काय?"

वारलू पट्टी ताणून धरून बसला होता.

"मी नऊ वर्साचा होतो तवा माय पटकीनं गेली," तो म्हणाला. "गावात रोज चार मुडदे. बाप मातीले घेऊन गेला, मले दाखोलंबी नाई. फोटो कुठचा? मंग मले तिचं तोंड आठोयेना. जात्यावरचा आवाज ध्यानात हाये, पाळना ध्यानात हाये, तोंड नाई. बापाले इचारलं का तो उठून जाये. सोळा वर्साचा झालो तवा दंडारवाल्यायनं मले नेसोलं, कुकू लावलं, आरसा देल्ला हातात. आरशात माय होती. मी तिच्यावरच गेलो ना. तवापासून वर्सातून एक डाव भेट होते. तो पाळना तिचाच हाये. टाळ्या वाजते तवा मले आयकू येत नाई."

सईदाबाईनं डोळ्याला पदर लावला. वच्छलाच्या हातातली गुंडाळी सैल झाली होती. घरी येताना दोघं बांधाच्या वाटेनं मागेपुढे चालत होती. काहीतरी बोलावं असं तिला फार वाटलं. पण ती म्हणाली, "मीठ घ्याचं राह्यलं." त्या दिवशी एवढंच झालं. पण ती स्वयंपाकघरातून आपलं अंथरूण उचलून माजघरापर्यंत आली होती.

मग रोवण्याचे दिवस आले.

रोवणा म्हणजे आमच्याकडचा बायांचा सण म्हणा की कष्ट म्हणा. पोटरीभर चिखलात दहा-पंधरा जणी ओळ धरून वाकलेल्या, हातात धानाच्या पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, जुडी, एकेक पाऊल मागे सरत रोवत यायचं. पाठ मोडते, म्हणून गाणं लागतं. आणि रोवण्याच्या गाण्याची एक रीत अशी, की एकीनं दुसरीवर गाणं जोडायचं आणि जिच्यावर जोडलं तिनं तिथल्या तिथं उलट जोडून द्यायचं. देता आलं नाही तर ती हरली. मग बांधी संपेपर्यंत सगळी ओळ तेच गाणं तिच्या नावानं म्हणणार.

वच्छला लग्नाआधी माहेरच्या गावात जोडण्यात पहिल्या नंबरची. तिच्यासमोर कोणी टिकत नसे. पण सावरटोल्यात दोन वर्षं ती हरत होती, कारण दोन वर्षं गाणं एकाच गोष्टीवर येत होतं. जोडणारी रुखमा. शेजारच्या बांधीवाल्याची सून, आवाज खडा, जीभ त्याहून. त्या दिवशी दुपारच्या आधी तिनं सूर लावला:

"वच्छलेच्या घरात सवत रोज घाले वेनी,
धनी हाये का धनीन, बाई, सांगंन का कोनी?"

ओळ खदखदून हसली. एक म्हातारी तर चिखलातच बसली. "दे वो वच्छले," कोणी म्हणालं, "दे, नाईतं हारली म्हन तिसऱ्यांदा."

वच्छला वाकलेलीच होती. कानशिलं तापली होती. रुखमावर जोडायला काहीही चाललं असतं, तिचा दमेकरी सासरा, तिची चोरटी म्हैस. पण तिच्या मनात त्या घडीला एकच गोष्ट भरलेली होती, बाजाराच्या दिवसापासून दुसरं काही तिथं नव्हतंच. आणि ती गोष्ट गाण्यात इतकी सहज बसत होती. कोणी म्हणेल रागानं केलं. राग नव्हता. चांगली ओळ सुचली होती, आणि दोन वर्षांनी सुचली होती. तिनं मान वर केली आणि गायलं:

"रानी आमच्या गावची बसे आरशाम्होर,
आरशात दिसे माय, दुधासाठी रडे पोर."

क्षणभर कोणी हसलं नाही. मग रुखमानं विचारलं, "म्हंजे काय वो?" आणि वच्छलानं सांगितलं. हसत हसत सांगितलं. हातानं आरसा धरल्याचं करून, तोंड वेडावून सांगितलं. मग जे हसू उठलं ते पलीकडच्या बांधीपर्यंत गेलं. रुखमा म्हणाली, "जितली वो बाई. आमी हारलो." बांधी संपेपर्यंत सगळ्या जणी तेच गात होत्या, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या वच्छलेवर हसत नव्हत्या, तिच्याबरोबर हसत होत्या.

घरी येऊन पाय धुताना तिला कळलं आपण काय केलं. चिखल निघाला तरी ती पाय घासतच राहिली. वारलूनं विचारलं, "काटा रुतला काय?" ती म्हणाली, "नाई."

रोवण्यातलं गाणं बायांच्या तोंडचं, ते गड्यांपर्यंत सहसा जात नाही, असं तिनं मनाला समजावलं. पण बाया या गावच्या रोवण्याला जातात तशा त्या गावच्याही जातात. गाणं पऱ्ह्यांच्या जुड्यांसारखं बांधीतून बांधीत गेलं.

मंडईच्या दिवशी वच्छला पहिल्यांदाच दंडार पाहायला गेली. वारलूनंच म्हटलं होतं, "येजो." भर दुपार होती, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठच्या मैदानात माणूस मावत नव्हता. बायांची बाजू निराळी, तिथं ती रुखमापासून दूर बसली. वारलू आला. तिनं त्याला असं कधी पाहिलंच नव्हतं. नथ, कपाळभर कुंकू, डोक्यावरून पदर. झाडाला झोळी बांधून त्यानं दोरी हातात धरली आणि पाळणा सुरू केला. वच्छलाला वाटलं, आज घरी गेल्यावर गाण्याचं सगळं सांगून टाकायचं.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं कोणीतरी हलकेच गुणगुणलं. रानी आमच्या गावची. दुसरीनं धरलं. दोन-चार जणी तोंडावर पदर घेऊन हसल्या. पाळणा थोडा डळमळला. मग गड्यांतून एक जण मोठ्यानं म्हणाला, "रानीबाई, तुही माय आरशात बोलावून राह्यली. जाय, दूध पेऊन ये."

सगळं मैदान हसलं. त्यातल्या अर्ध्यांना तर कशाला हसतो हेही माहीत नव्हतं.

वारलूच्या हातात झोळीची दोरी तशीच होती. त्यानं बायांच्या बाजूला पाहिलं नाही, गड्यांच्याही नाही. दोरी सोडली, डोक्यावरचा पदर खाली घेतला, नथ काढून मागं सूर धरणाऱ्या झिलकऱ्याच्या हातात दिली आणि लोकांमधून वाट काढत, लुगड्यातच, भर उन्हात घराकडे चालत गेला. ढोलकीवाला थोडा वेळ वाजवत राहिला, मग तोही थांबला.

वच्छला घरी पोचली तेव्हा तो अंगणात बसून राखेनं तोंड घासत होता. आता विचारेल, आता सांगावं लागेल. तो म्हणाला, "तिघायशिवाय कोनाले मालूम नोतं. मी, तू अन् थे बाई." मग तोंड पुसत म्हणाला, "तू तं माही बायको. त्या बाईनं गावभर केलं. पडद्याच्या अंदरची गोष्ट म्हने."

वच्छलाच्या तोंडापर्यंत शब्द आला होता. तो तिथंच राहिला. गप्प राहणं इतकं सोपं असतं हे तिला त्या दिवशी समजलं.

आणि त्यापुढचं तर आणखी वाईट. वारलू तिच्याशी बोलू लागला. जगात आता तिच्याशिवाय विश्वासाचं माणूस नाही असं धरून बोलू लागला. जेवताना मायच्या आठवणी सांगायचा. अंथरूण माजघरातून आत गेलं. बाप काडीमोडाचं विचारायला आला, तर जावयानं त्याला कोंबडं कापून जेवू घातलं. जे सुख तिला पाच वर्षं हवं होतं ते घरात चालत आलं, आणि रोज सकाळी उठताना तिला वाटायचं की हे दुसऱ्या कोणाचं तरी ताट आहे आणि आपण त्यात जेवतो आहोत.

वारलू फार बोलणारा नव्हता, पण चावडीवर एकदा त्याच्या तोंडून निघालं, "त्या दाईच्या पोटात गोष्ट ऱ्हात नाई." तेवढं पुरलं. दाईला घराघरातलं काय काय ठाऊक असतं. कोणाचं पोर कितव्या महिन्याचं, कोणाचं पडलं, कोणाचं पाडलं. बाया घाबरल्या. सावरटोल्यानं सईदाबाईला बोलावणं बंद केलं, मग आजूबाजूच्या गावांनी.

पौषात बाजारात वच्छलाला ती दिसली. कांद्याच्या ढिगापाशी उभी होती, हातात रिकामी पिशवी. वच्छला वळून जाऊ लागली तर तिनं हाक मारली.

"बेटी, पट्ट्या पडल्या हाये तशाच. गुंडाळाले कोनी येत नाई."

वच्छला म्हणाली, "तुमी काऊन नाई सांगत लोकायले? तुमाले तं मालूम हाये कोनं..."

"कशी सांगू?" सईदाबाई शांतपणे म्हणाली. "तुह्यावर बोट दाखोलं तं थेबी अंदरचीच गोष्ट बाहेर गेली ना. मंग लोक म्हनते तेच खरं झालं." तिनं कांदे उचलून पाहिले, परत ठेवले. "तुह्या तोंडची गोष्ट हाये. तूच सांगशीन. पन बेटी, लौकर."

वच्छलानं मान डोलावली, आणि माघ अर्धा गेला तरी सांगितलं नाही.

माघात वारलूची धाकटी बहीण कमळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. माय नसलेल्या पोरीचं माहेर म्हणजे भाऊ-भावजयच. तिला कळा सुरू झाल्या त्या एका सकाळी, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर आला तरी सुटका नाही. गावची सुईण बाहेर येऊन म्हणाली, "पोर आडवं हाये. माह्या हातचं काम नाई. त्या नागभीडच्या बाईले आना, तिले फिरोता येते."

अंगणात दहा-बारा माणसं जमली होती. रुखमाही होती. वारलू म्हणाला, "तिले नाई. चांद्याले नेतो, गाडीनं."

"गाडी सांजची हाये," कोणी म्हणालं. "अन् थे पोहोचंन काय तवरी?"

"तिले ह्या घरात येऊ देनार नाई. माह्या बहिनीचं पोट उघडं पाह्यन, अन् उद्या त्यावर गानं होईन."

आतून कमळा ओरडली. तो आवाज माणसाचा राहिला नव्हता. वच्छला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला ठाऊक होतं की आता दोनच गोष्टी आहेत. बोललं तर हे घर जातं. नाही बोललं तर कमळा जाते.

"बाईनं नाई सांगतलं," ती म्हणाली.

वारलूनं ऐकलं नाही. तो बंडीपाशी निघाला होता. ती अंगणात उतरली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"बाईनं नाई सांगतलं. मी सांगतलं. रोवन्यात रुखमानं माह्यावर जोडलं, मले जिताचं होतं. गानं मीच जोडलं. तुमची नक्कलबी मीच केली, हातात आरसा धरून. ह्या सगळ्या हासल्या. बाईचा काई दोष नाई. तिनं कुठंच तोंड उघडलं नाई, सोतासाठी सुद्धा नाई."

वारलू रुखमाकडे पाहू लागला. रुखमानं आयुष्यात पहिल्यांदाच खालच्या आवाजात सांगितलं, "खरं हाये, भाऊ. आमी तवा हासलो."

वच्छलाला वाटलं तो मारेल. मारावं असंच तिला वाटत होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, जसं वाटेत आडव्या पडलेल्या झाडाकडे पाहावं, आणि बाजूनं निघून गेला. बैल जुंपले. मग बंडी नागभीडच्या वाटेवर धुळीत दिसेनाशी झाली.

सईदाबाई आली ती पिशवी घेऊन सरळ आत शिरली. वारलू दारात हात जोडून काहीतरी म्हणू लागला, तर ती म्हणाली, "ते मंग. पानी तापवा, अन् गड्यायले अंगनातून हाकला." वच्छला दिवा धरून, पाणी देऊन तिच्या शेजारी बसून होती. तासाभरानं पोर फिरलं. पोरगा झाला, निळा पडलेला, पण थोपटल्यावर रडला. कमळा वाचली. हात धुताना सईदाबाईनं वच्छलाकडे पाहिलं. शाबासकी दिली नाही, रागावलीही नाही. "साबन कुठी हाये?" एवढंच विचारलं.

बारसं झाल्यावर वारलू म्हणाला, "बाजाराच्या दिवशी जाऊ तिच्याकडं." त्याआधीचे बारा दिवस तो वच्छलाशी एक शब्द बोलला नव्हता.

पडद्याआड तिघं बसली. पट्टीची टोकं हातात होती, पण कोणी गुंडाळत नव्हतं. सईदाबाईनं आज नियम सांगितला नाही. वच्छलाच म्हणाली, "मी नवरा होऊन बोलू?"

"बोल."

"मी जनमभर एक गोष्ट कोनाले सांगतली नोती. बायकोले सांगतली. तिनं बाजारात नेऊन इकली. अन् वरून तीन महिने माह्याच ताटाले ताट लावून जेवली."

वारलूनं मान हलवली नाही. म्हणजे बरोबर होतं.

"भाऊ, तुमी?" सईदाबाईनं विचारलं.

तो पट्टीकडे पाहत बोलला. "मी बायको होऊन काय बोलू? दोन वर्स तिले लोक हासले, मी पाह्यलं अन् थांबलो नाई. तेबी मालूम हाये मले." मग म्हणाला, "काडीमोड नाई करत मी. तिनं अंगनात उभं राहून सांगतलं, कमळी वाचली. पन बाई, माय दिसते का पाहाले मी काल आरसा घेऊन बसलो. कुकूबी लावलं. माय नाई दिसत आता."

"मंग काय दिसते?"

"हीच. हातात आरसा धरून हासून राह्यली."

पुढच्या साली मंडई जवळ आली तेव्हा दंडारवाले घरी आले. वच्छलानं स्वतः आपलं लग्नातलं लुगडं काढून त्याच्यासमोर ठेवलं, पाया पडली, म्हणाली, जा. त्यानं लुगडं घडी मोडू न देता पेटीत परत ठेवलं आणि दंडारवाल्यांना चहा दिला.

वारलूनं पुन्हा कधी राणी केली नाही. पाळणाही गायला नाही, स्वतःच्या तिन्ही लेकरांना सुद्धा नाही. वच्छलाला तो कधी टाकून बोलला नाही, तिला कधी मारलं नाही, बाजारातून तिच्यासाठी आठवणीनं बांगड्या आणायचा. गावात त्यांचा संसार चांगल्यातला मोजला जायचा. १९८७ साली तो कावीळ होऊन गेला.

सईदाबाईकडे बाया परत जाऊ लागल्या, पण सगळ्या नाही. अफवा जाते तेव्हा पूर्ण जात नाही. दोन-चार वर्षांनी तिची नजर कमी झाली, तेव्हा चांद्याला बांगड्यांचं दुकान असलेला तिचा पुतण्या रफीक तिला घेऊन गेला. ती तिथंच वारली. वच्छलाला खबर महिन्यानं कळली.

रुखमाच्या सासऱ्यानं जमीन विकली आणि ते कुटुंब एटापल्लीकडे गेलं. पुढं काय झालं कोणाला माहीत नाही. कमळाचा पोरगा भद्रावतीच्या कारखान्यात लागला, तिथंच क्वार्टर मिळालं, मायला शेवटपर्यंत त्यानं संभाळलं. आपल्या जन्माच्या दिवशी अंगणात काय बोललं गेलं हे त्याला कोणी सांगितलं नाही.

वच्छला वारलूच्या मागं अकरा वर्षं जगली. गुडघे चालले तोवर दरवर्षी रोवण्याला जायची. ओळीत मात्र उभी राहायची नाही, बांधीच्या एका कोपऱ्यात एकटीच रोवायची. नव्या सुना विचारत, "आत्या, तुमी जोडत होत्या म्हनते पह्यले?" ती म्हणायची, "आता नाई येत मले," आणि पुढची जुडी सोडायची.